व्यंग शोधणारे यंत्र : वऱ्हाडातून दिसणारा सोनोग्राफीचा इतिहास

अमरावतीच्या राजापेठेत काय किंवा अकोल्याच्या रामदासपेठेत काय, सोनोग्राफी केंद्राच्या पायऱ्या चढताना पहिली गाठ पडते ती एका फलकाशी. येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे, अशा आशयाचा हा मजकूर लावणे कायद्यानेच बंधनकारक केले आहे. आत गेल्यावर गर्भवती स्त्री एका छापील निवेदनावर सही करते किंवा अंगठा उमटवते : मला गर्भाचे लिंग जाणून घ्यायचे नाही. म्हणजे हे यंत्र काय करणार नाही, याची दोनदा खात्री दिली-घेतली जाते. ते काय करणार आहे, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. 'सोनोग्राफी काढायची आहे', एवढे एकच वाक्य घरून निघालेल्या बाईपाशी असते आणि परत जाताना त्यात 'नॉर्मल आहे' या दोन शब्दांची भर पडते.

मराठीतील सोनोग्राफीविषयक लेखनाचेही काहीसे असेच झाले आहे. गेल्या चार दशकांत या विषयावर आपल्याकडे जे लिहिले गेले, ते प्रायः लिंगनिवडीविषयी आहे, आणि तसे होणे अपरिहार्यच होते. परंतु ज्या कारणासाठी हे तंत्र प्रसूतिशास्त्रात रुजले आणि ज्या कारणासाठी कायद्याने त्याला आजही मुभा ठेवली आहे, ते जन्मजात व्यंगांचे निदान आपल्या चर्चेत तळटीपेपुरतेच उरले. प्रस्तुत लेखात ती तळटीप थोडी वर आणण्याचा प्रयत्न आहे.

यंत्र नव्हते तेव्हा व्यंगाची चिंता नव्हती, असे मात्र नाही. ती वेगळ्या भाषेत बोलली जात होती. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भवतीला 'दौहृदिनी' म्हणजे दोन हृदयांची म्हटले आहे आणि तिची इच्छा डावलली तर मूल कुबडे, थोटे, पांगळे, जड, ठेंगू किंवा दृष्टिहीन निपजते असा इशारा दिला आहे. आपल्या 'डोहाळे' या शब्दाच्या मुळाशी हेच दौहृद आहे. डोहाळजेवणाच्या हिरव्या चुड्यामागे आणि फुलांच्या वाडीमागे एक जुने भय दडलेले आहे, हे आपण आता विसरलो आहोत. ग्रहणाचे भय मात्र विसरलेलो नाही. माझ्या आजोळी, अचलपूरच्या बाजूला, ग्रहण लागले की गर्भार बाईने विळीला हात लावायचा नाही, सुईत दोरा ओवायचा नाही, अंथरुणावर सरळ पडून राहायचे, असा दंडक होता. चिरले तर मुलाचा ओठ चिरलेला निघतो. ओठ फाटलेले मूल जन्मले की कोणते ग्रहण चुकले याचा हिशेब घरातल्या बायका मांडत, आणि दोष अर्थातच आईचा ठरे. कारण माहीत नसले की दोषी शोधावा लागतो, आणि घरात सर्वांत जवळ तीच असे.

यंत्राची जन्मकथा मात्र स्वयंपाकघरापासून फार दूरची आहे. ग्लासगो विद्यापीठातील प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इयान डोनाल्ड दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाईदलात होते. रडार आणि सोनार ही यंत्रे त्यांच्या परिचयाची होती. १९५५ साली ते शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून रेनफ्रू येथील बॅबकॉक अँड विल्कॉक्स या बॉयलरच्या कारखान्यात गेले. तेथे धातूच्या जाड पत्र्यांत चीर आहे का, हे ध्वनिलहरींनी तपासण्याचे यंत्र होते. गाठींच्या तुलनेसाठी एक मांसाचा तुकडाही बरोबर ठेवला होता. द्रव भरलेली गाठ आणि घट्ट मांसल गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे येतात, हे त्या दिवशी दिसले. पुढे टॉम ब्राउन हा तरुण अभियंता आणि जॉन मॅकव्हिकर हे सहकारी डॉक्टर यांच्यासह त्यांनी जून १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तो प्रसिद्ध निबंध छापला. हे यंत्र मुळातच व्यंग शोधण्यासाठी घडवलेले होते, फक्त ते व्यंग पोलादातले होते. ही गोष्ट मला केवळ मौजेची वाटत नाही. पोलादाच्या पत्र्यात चीर सापडली की पत्रा बाजूला काढतात, त्यावर वाद होत नाही. गर्भात चीर सापडली तर काय करायचे, हा प्रश्न यंत्राबरोबर कारखान्यातून आलेला नव्हता.

तो आला १९७२ च्या डिसेंबरात. स्टुअर्ट कॅम्बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सतराव्या आठवड्यात, गर्भाच्या डोक्याची कवटीच तयार झालेली नाही, हे सोनोग्राफीने ओळखले आणि त्या आधारावर गर्भपात करण्यात आला. वैद्यकाच्या इतिहासात ही अशी पहिली नोंद मानली जाते. स्वतः डोनाल्ड गर्भपाताचे कडवे विरोधक होते. ब्रिटनमधील १९६७ च्या गर्भपात कायद्याविरुद्ध त्यांनी जाहीर भूमिका घेतली होती, आणि पडद्यावर हलणारा गर्भ दाखवला की पाहणाऱ्याचे मन बदलेल, अशी त्यांची श्रद्धा होती. निर्मात्याचा हेतू आणि निर्मितीचे पुढचे आयुष्य यांतील अंतराविषयी साहित्याच्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको.

येथे एका योगायोगाकडे लक्ष वेधावेसे वाटते. आपला वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ साली मंजूर झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून अमलात आला. जन्माला येणाऱ्या मुलात गंभीर शारीरिक वा मानसिक व्यंग असण्याचा मोठा धोका, हे गर्भपाताचे एक वैध कारण त्यात आहे, आणि कालमर्यादा वीस आठवड्यांची. म्हणजे व्यंगाचे कारण कायद्यात लिहिले गेले तेव्हा ते व्यंग डोळ्यांनी पाहण्याची सोय अद्याप जगासमोर आलेली नव्हती. विधिज्ञांच्या डोळ्यांसमोर असणार ते गरोदरपणी गोवर-रुबेला झालेली आई, किंवा घराण्यात चालत आलेला आजार. पुढे सोनोग्राफी सुधारत गेली आणि गर्भाचे अवयव नीट दिसण्याचा काळ अठरा ते वीस आठवडे हा ठरला. तपासणीची योग्य वेळ आणि कायद्याची शेवटची तारीख एकाच जागी येऊन बसल्या. हा तिढा सुटायला जवळपास पन्नास वर्षे लागली. त्याकडे नंतर येऊ.

त्याआधी मधली गोष्ट, जी सर्वांना ठाऊक आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यास दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत गर्भजलपरीक्षा सुरू झाल्या, त्या जनुकीय व्यंगे शोधण्यासाठी. गुणसूत्रे पाहताना लिंगही कळते, आणि मुलगी आहे म्हणताच गर्भपाताची मागणी पुढे आली. दशक सरण्याआधी सरकारी रुग्णालयांत लिंगासाठी ही परीक्षा करण्यास बंदी झाली, पण खाजगी दवाखान्यांना तो मोकळा झालेला बाजारच होता. मुंबईत १९८० च्या दशकाच्या मध्यास डॉ. संजीव कुलकर्णी यांनी पन्नास स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली, तेव्हा त्यांतील बेचाळीस जण लिंगनिदानासाठी गर्भजलपरीक्षा करत असल्याचे आढळले. स्त्री संघटना, आरोग्य कार्यकर्ते आणि काही डॉक्टर यांनी मंच उभारला, आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने असा कायदा केला, देशातील पहिला. केंद्राचा कायदा १९९४ चा, अंमल १९९६ पासून. पुण्याची 'मासूम', मुंबईची 'सेहत' आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी २००० साली सर्वोच्च न्यायालयात धाव घेतल्यावर कायदा खऱ्या अर्थाने हलला आणि २००३ च्या दुरुस्तीने सोनोग्राफी त्याच्या पकडीत पूर्ण आली.

या कायद्याची रचना वाचण्यासारखी आहे. तो गर्भाच्या तपासणीला आधी बंदी करतो आणि मग काही खिडक्या उघडतो : गुणसूत्रांतील दोष, चयापचयाचे जनुकीय आजार, हिमोग्लोबिनचे विकार, लिंगसंलग्न आजार, जन्मजात व्यंगे. व्यंग हेच ते कारण, ज्यासाठी तपासणीला मान्यता मिळते. पण व्यंग शोधण्याच्या नावाखालीच लिंगनिदान आत शिरले होते, हा अनुभव ताजा होता. त्यामुळे खिडकीपाशी पहारा आला. प्रत्येक तपासणीचा एक नमुना भरायचा, तपासणीचे कारण लिहायचे, कागद जपायचे, आणि नमुन्यातील त्रुटी ही गुन्ह्याइतकीच गंभीर मानली जाते. या शेवटच्या तरतुदीविरुद्ध स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि २०१९ मध्ये हरली. माझ्या मते न्यायालय बरोबर होते. कागद नसेल तर या गुन्ह्याचा दुसरा साक्षीदारच नसतो. बाई बोलणार नाही, घरचे बोलणार नाहीत, डॉक्टर तर नाहीच नाही.

वऱ्हाडाचे आकडे पाहावेत. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुली अमरावती जिल्ह्यात ९३५, अकोल्यात ९१२, वाशीमला ८६३ आणि बुलडाण्यात ८५५. राज्याची सरासरी ८९४, आणि बीडची ८०७. अमरावतीहून पश्चिमेला, खानदेश-मराठवाड्याच्या सीमेकडे सरकत जावे तसा आकडा खाली उतरतो. अमरावतीच्या ९३५ मध्ये मेळघाटचा वाटा किती, हा प्रश्न विचारायला हवा. आपण 'पुढारलेल्या' जिल्ह्यांचे कौतुक करतो तेव्हा त्यात मागास म्हणून हिणवलेल्या कोरकू घरांतल्या मुली मोजलेल्या असतात.

या लढ्याने मराठीला एक शब्द दिला : स्त्रीभ्रूणहत्या. त्या शब्दाने काम केले यात शंका नाही. पथनाट्यांत, भिंतींवर, कीर्तनांत तो पोचला. कोल्हापूरचे तत्कालीन जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांवर नोंद ठेवणारे उपकरण बसवले आणि लेखक म्हणून 'सावित्रीच्या गर्भात मारलेल्या लेकी' हा कथासंग्रहही लिहिला. प्रशासन आणि साहित्य एकाच हाताने असे एकाच विषयावर उतरल्याची उदाहरणे आपल्याकडे थोडी आहेत. पण शब्दाचा एक दुष्परिणामही झाला. 'भ्रूणहत्या' हा धर्मशास्त्रातला महापातकाचा शब्द. गंमत अशी की टीकाकारांनी तेथे 'भ्रूण' याचा अर्थ विद्वान ब्राह्मण असाही केला आहे, असो. मुद्दा हा की हा शब्द कोणत्याही गर्भपाताला हत्या ठरवतो. म्हणूनच स्त्री संघटनांतील अनेकींनी 'लिंगनिवड' हा कोरडा शब्द पत्करला. त्यांचे म्हणणे फारसे ऐकले गेले नाही. गर्भाची कवटी तयार नाही, मूल जगणार नाही, असे कळलेली बाई, 'मग आता पाडले तर पोलीस येतील का', असे विचारते, तेव्हा तिच्या तोंडून भिंतीवरचा तो शब्दच बोलत असतो. अशा एका नातेवाईक मुलीबरोबर मी एका दवाखान्याच्या बाकावर दुपारभर बसलो आहे. कायदा तिच्या बाजूने होता. तिला आणि आम्हालाही ते माहीत नव्हते, आणि सांगणाऱ्यालाही सांगायची भीती वाटत होती.

आता यंत्राच्या मर्यादेविषयी, कारण 'नॉर्मल आहे' या दोन शब्दांवर आपण नको इतका भार टाकतो. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या हेलसिंकी येथील अभ्यासात एकाच शहरातील दोन रुग्णालयांनी व्यंगे शोधण्याचे प्रमाण एकीकडे ३६ टक्के तर दुसरीकडे ७७ टक्के आले. यंत्रे तीच, गर्भ तसेच, फरक पाहणाऱ्याचा. १९९३ च्या अमेरिकेतील पंधरा हजारांवर स्त्रियांच्या चाचणीत सरसकट सोनोग्राफी केलेल्या गटात एकतृतीयांशच व्यंगे जन्माआधी सापडली. त्यानंतर युरोपातील मोठ्या पाहणीने १९९९ मध्ये हे प्रमाण अर्ध्याहून थोडे अधिक दाखवले. कवटीचा अभाव जवळजवळ कधीच चुकत नाही. पाठीचा कणा उघडा असेल तर मेंदूच्या मागच्या भागाचा बदललेला आकार त्याची खूण देतो, हे १९८६ पासून माहीत आहे. हृदयाची छिद्रे वारंवार निसटतात. बहिरेपण दिसतच नाही. मतिमंदत्व बहुतेक वेळा दिसत नाही. सिकलसेल हा विदर्भाचा ओळखीचा आजार तर रक्तातला आहे. तेथे सोनोग्राफी केवळ सुईला वाट दाखवते आणि उत्तर प्रयोगशाळा देते. एक वाचक म्हणून मला असे वाटते की सोनोग्राफीचा अहवाल हे छायाचित्र नसून वाचन आहे. दुसरा वाचक दुसरे वाचेल.

आणि काही गोष्टींत तर यंत्र फार उशिरा येते. मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर साधारण अठ्ठाविसाव्या दिवशी मिटलेली असते, पाळी चुकल्याची शंका येते न येते तोवरच. ती मिटण्यास फॉलिक ॲसिड मदत करते, हे १९९१ मध्ये ब्रिटनच्या वैद्यक संशोधन परिषदेच्या चाचणीने निर्विवाद सिद्ध केले. गोळी स्वस्त आहे. परंतु ती गरोदर राहण्याआधीपासून घ्यावी लागते, आणि आपल्याकडे बाई दवाखान्याची पायरी चढते ती तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. अठराव्या आठवड्याला लाखमोलाच्या यंत्रावर जे दिसते, त्यातले बरेच काही त्या गोळीने टळले असते.

अमरावतीच्या बायका जिल्हा स्त्री रुग्णालयाला अजून 'डफरीन' म्हणतात आणि अकोल्याच्या 'लेडी हार्डिंग'. व्हाइसरॉयांच्या बायकांची नावे वऱ्हाडी तोंडात अशी रुळली आहेत. १८८५ साली लेडी डफरीन यांच्या नावाने निधी निघाला तो पडद्यातल्या बायकांना बाई डॉक्टर मिळावी म्हणून. डॉक्टरपर्यंत पोचण्याचा तो प्रश्न आज धारणी-चिखलदऱ्यात वेगळ्या रूपात उभा आहे. धारणीहून अमरावती घाटातून सुमारे दीडशे किलोमीटर. मेळघाटातील बालमृत्यूंच्या बातम्या १९९३ पासून छापल्या जात आहेत, उच्च न्यायालयात याचिका चालू आहेत, आणि स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ व क्ष-किरणतज्ज्ञ यांच्या रिकाम्या जागा हा त्या सुनावण्यांतला नेहमीचा विषय आहे. यंत्र गावात न्यावे म्हटले तर २०१२ च्या नियमांनी हातात धरून नेण्याजोग्या यंत्रावर कडक बंधने घातली, आणि एका डॉक्टरला जिल्ह्यात दोनच केंद्रांवर काम करता येईल असे ठरवले. जेथे डॉक्टरांची रांग आहे त्या शहरांसाठी हा नियम योग्य होता. सेमाडोहच्या पलीकडे त्याचा अर्थ इतकाच होतो की अठराव्या आठवड्याची तपासणी अठ्ठाविसाव्या आठवड्यात होते, झाली तर. शहरातल्या पापाची किंमत ज्या घरांनी ते पाप केलेच नाही ती घरे मोजतात. कायदा ढिला करा असे मी म्हणत नाही. फिरत्या वैद्यकीय पथकात इतर सेवांबरोबर यंत्र नेण्याची मुभा त्याच नियमांत आहे. ती वापरायला माणसे लागतात, आणि माणसेच तेथे नाहीत. २०१६ पासून दर महिन्याच्या नऊ तारखेला गर्भवतींची मोफत तपासणी करण्याची केंद्राची योजना आहे. नऊ तारीख मेळघाटातही येते.

वीस आठवड्यांचा तिढा उघड्यावर आला तो मुंबईत, २००८ साली. डॉ. निखिल दातार आणि त्यांच्या रुग्ण दांपत्याने उच्च न्यायालयाकडे चोविसाव्या आठवड्यानंतर गर्भपाताची परवानगी मागितली. गर्भाच्या हृदयात गंभीर दोष आढळला होता. न्यायालयाने नकार दिला. त्यानंतर तेरा वर्षे जिल्ह्याजिल्ह्यांतून स्त्रिया न्यायालयांची दारे ठोठावत राहिल्या, प्रत्येकीचे दिवस मोजले जात असताना. २०२१ च्या दुरुस्तीने काही गटांसाठी मर्यादा चोवीस आठवडे केली, आणि वैद्यकीय मंडळाने गर्भात मोठे व्यंग असल्याचे ठरवले तर मर्यादाच उठवली. 'मोठे व्यंग' म्हणजे काय, हे कायद्याने मंडळावर सोपवले.

आणि येथेच तो प्रश्न येतो, जो आपल्या चळवळीने १९८० च्या दशकात थोडा विचारला आणि पुष्कळसा बाजूला ठेवला. मुलगी म्हणून गर्भ नाकारणे अन्याय असेल, तर व्यंग म्हणून नाकारणे काय आहे? अपंगांच्या हक्कांविषयी लिहिणाऱ्या अनिता घई यांच्यासारख्या अभ्यासकांनी हा सल बोलून दाखवला. मला दोन्ही गोष्टी सारख्या वाटत नाहीत. जे मूल जन्मून काही तासच जगणार आहे ते पोटात वाढवण्याची सक्ती कोणी कोणावर करू नये. पण जगू शकणाऱ्या व्यंगांची जी लांबलचक यादी आहे, तेथे माझी खात्री डळमळते. तेथे निर्णय आईचा, एवढेच म्हणता येते. आणि आईच्या पाठीशी काय उभे आहे यावर तो निर्णय ठरतो, हेही म्हणावे लागते. भाषा या बाबतीत फार चलाख असते. अपंग, विकलांग, दिव्यांग अशी नावे आपण बदलत आलो. २०२२ मध्ये राज्याने दिव्यांग कल्याणाचे स्वतंत्र खातेही काढले, ज्याची मागणी अचलपूरचे तत्कालीन आमदार बच्चू कडू यांनी लावून धरली होती. पण सोनोग्राफीच्या अहवालाचे मराठी करताना शब्द तोच राहतो, व्यंग. जन्माआधी व्यंग आणि जन्मानंतर दिव्य.

त्याच अचलपूर तालुक्यात, परतवाड्याजवळ, वझ्झर नावाचे गाव आहे. शंकरबाबा पापळकर यांनी तेथे बेवारस मतिमंद, मूकबधिर आणि अंध मुलांसाठी बालगृह उभे केले. अंबादासपंत वैद्य यांचे नाव त्याला दिले आहे. बसस्थानकांवर, रेल्वेफलाटांवर टाकलेली ही मुले, शंभराहून अधिक, कागदोपत्री पिता म्हणून शंकरबाबांचेच नाव लावतात. नियमाप्रमाणे अठरा वर्षे झाली की बालगृह सोडावे लागते. या मुलांनी जायचे कोठे, असा प्रश्न शासनाला विचारत ते भांडत राहिले आणि मुले तेथेच मोठी झाली, काहींची लग्ने झाली, त्यांनी टेकडीवर हजारो झाडे लावली. २०२४ मध्ये शंकरबाबांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी तेथे वाढलेली एक अंध मुलगी राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण होऊन शासकीय नोकरीस पात्र ठरली.

वझ्झरच्या मुलांच्या नावांपुढे जी व्यंगे लिहिलेली आहेत, त्यांतली बहुतेक अठराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत दिसली नसती. तेव्हाचा त्यांचा अहवाल 'नॉर्मल' असाच आला असता.